लाल शर्टवाला

अप्पांना त्या मालिकेतला एकच माणूस पसंत होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची. त्या वेळी अप्पा बहुधा अंगणात सायकल उलटी करून चेनला तेल पाजत असायचे. खडकीच्या फॅक्टरीत ते फिटर होते. सुटीच्या दिवशीही हाताला काळं लागल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. टीव्ही आतल्या खोलीत, शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि कौलांवरची अँटेना सिंहगडाकडे तोंड करून. मधेच हात पुसायला म्हणून ते आत यायचे आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. पडद्यावर कॅप्टन कर्क छाती काढून बोलत असायचा, स्पॉक एक भुवई वर करायचा, डॉक्टर मॅकॉय कुणावर तरी करवादत असायचा. अप्पांवर त्याचा ढिम्म परिणाम नाही. मग जहाजाच्या पोटातून तो रुंद चेहऱ्याचा इंजिनिअर कॅप्टनला काकुळतीला येऊन काहीतरी सांगू लागायचा, आणि अप्पा म्हणायचे, "हा बघ. एवढ्या जहाजात हा एकटाच काम करतो. बाकीचे नुसते काचेकडे बघत उभे."

इंग्रजी अप्पांना येत नव्हतं. मी पॉलिटेक्निकला होतो, मला येतं असा घरात समज होता आणि तो मी मोडला नव्हता. कर्कचं निम्मं कळायचं, स्पॉकचं पाऊण. या इंजिनिअरचं, स्कॉटीचं, मात्र एक अक्षर कळत नसे. ते इंग्रजीच आहे का, अशीही शंका यायची. पण तो काय सांगतोय याबद्दल आम्हा बापलेकांना कधीही शंका नव्हती: इंजिनाला झेपत नाहीये, साहेब ऐकत नाहीयेत, आणि शेवटी निस्तरायचं यालाच आहे.

हे पात्र करणारा जेम्स डूहान स्कॉटिश नव्हताच, हे मला फार नंतर कळलं. जन्म कॅनडातल्या व्हँकुव्हरचा, ३ मार्च १९२०. घराणं आयरिश. आवाजांचा पट्टीचा कलाकार, रेडिओवर वाढलेला. निवडीच्या वेळी त्याने वेगवेगळ्या ढंगांत बोलून दाखवलं आणि यातला कुठला बरा, असं निर्मात्यांनी विचारल्यावर म्हणाला, इंजिनिअर असेल तर तो स्कॉटलंडचाच असावा. जहाजं बांधणाऱ्या ग्लासगोची पुण्याई असेल ती. स्कॉटीचं 'माँटगोमरी' हे नावही डूहानच्या स्वतःच्या मधल्या नावावरून आलं.

आमच्या टीव्हीत सगळे राखाडी कपड्यांत होते. कॅप्टन राखाडी, डॉक्टर राखाडी, स्पॉकची कातडीही इतरांसारखीच. मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळातली, एकूण ७९ भाग. ती दाखवणाऱ्या एनबीसी या वाहिनीची मालक होती आरसीए, म्हणजे रंगीत टीव्ही संच बनवून विकणारी कंपनी. त्यामुळे पडद्यावर रंगांची दिवाळी करायला कुणाची ना नव्हती. तो सगळा खर्च आमच्या बाबतीत पाण्यात गेला. एक फायदा मात्र झाला. लाल शर्ट घालून परग्रहावर उतरलेला बिननावाचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत मरतो, ही जगभरातल्या प्रेक्षकांची जुनी थट्टा. आम्हाला लाल कोण तेच दिसत नव्हतं, म्हणून आमच्या घरात प्रत्येक मरण अनपेक्षित असायचं. स्कॉटीचा शर्टही लालच होता, हे मी पुढे एका रद्दीतल्या मासिकातल्या फोटोत पाहिलं आणि उगाचच काळजी वाटली.

मग नव्वदचं दशक आलं, छतावरून केबलच्या काळ्या वायरी गेल्या, घरात हप्त्याने घेतलेला रंगीत टीव्ही आला. मी एव्हाना पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो होतो. स्टार ट्रेकचीही दुसरी पिढी आली होती: नवं जहाज, नवा कॅप्टन पिकार्ड, आणि नाव 'द नेक्स्ट जनरेशन'. १९८७ ते १९९४ असे सात हंगाम चाललेली ही मालिका आम्हाला केबलवर मिळाली, उशिरा आणि मागेपुढे. त्यातच एका रात्री 'रेलिक्स' नावाचा भाग लागला. सहाव्या हंगामातला चौथा. अमेरिकेत तो १२ ऑक्टोबर १९९२ ला दाखवला गेला होता.

गोष्ट थोडक्यात अशी. पिकार्डच्या एंटरप्राइज जहाजाला एक अजस्र गोळा सापडतो आणि त्याच्या पृष्ठभागावर कोसळलेलं एक जुनं वाहतूक जहाज, जेनोलन. आत जिवंत कुणी नाही, पण माणसं इकडून तिकडे पाठवणारा ट्रान्सपोर्टर धुगधुगी धरून आहे. यंत्राच्या साठवणीत कुणाचा तरी आराखडा गोल गोल फिरत ठेवलेला. मुख्य इंजिनिअर जॉर्डी ला फोर्ज बटणं दाबतो, प्रकाशाचा खांब उभा राहतो, आणि त्यातून हाताला पट्टी बांधलेला स्कॉटी बाहेर पडतो. निवृत्त होऊन वस्तीला निघाला होता, वाटेत जहाज पडलं. वाचायचा दुसरा मार्ग नव्हता, तेव्हा त्याने स्वतःलाच त्या यंत्रात ठेवून दिलं. ७५ वर्षं. जॉर्डी आकडे बघतो तर आराखड्यात ०.००३ टक्के इतकीही झीज नाही. सोबत ठेवलेला दुसरा माणूस मात्र विरून गेलेला.

मेंटेनन्सवाल्याला हे पटण्यासारखं आहे. ट्रान्सपोर्टर बनवलाच मुळी काटकसरीपोटी. दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरताना दाखवणं १९६६ च्या बजेटला परवडत नव्हतं, म्हणून माणसं विरघळवून पाठवायची युक्ती निघाली. ती झगमगही ॲल्युमिनियमची पूड प्रखर उजेडात भुरभुरवून तिचं चित्रण करून मिळवलेली. दारं आपोआप सरकायची, कारण पलीकडे उभी असलेली माणसं ती ओढायची. डॉक्टरची शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणजे नव्या धाटणीच्या मीठदाण्या. म्हणजे ती सगळी मालिकाच जुगाड होती, आणि तिच्यातल्या सर्वांत मोठ्या जुगाडात बसून स्कॉटी पाऊण शतक तरला.

बाहेर आल्यावर त्याला वाटतं, जिम कर्कच आपल्याला शोधत आला असणार. (पुढे १९९४ च्या सिनेमात कर्कचं जाणं स्कॉटीच्या डोळ्यांदेखत घडताना दाखवलं. म्हणजे हे वाक्य चूक ठरलं. मालिकेचे भक्त त्यावर तीस वर्षं भांडतायत. माझ्यापुरतं सांगतो, झोपेतून उठलेला म्हातारा माणूस गेलेल्यांची नावं घेतो, यात चूक कसली?)

आता त्या भागाचा गाभा. स्कॉटी नव्या इंजिनघरात जातो. खुशीत. हे काय, ते काय, इथे हात लाव, तिथे डोकाव. जॉर्डी कामात. सुरुवातीला तो हसून सांगतो, मग नुसतं सांगतो, मग दातओठ आवळून सांगतो. स्कॉटी आपल्या काळातल्या अमुक ग्रहाजवळच्या तमुक प्रसंगाची गोष्ट काढतो. कॅप्टनला खरा वेळ कधी सांगायचा नाही, अशी धंद्यातली खोच शिकवतो. जास्त सांगायचा, कमी वेळात काम करून दाखवायचं आणि मग चमत्कार करणारा म्हणून मिरवायचं. हे ऐकून मी टीव्हीसमोर मोठ्याने हसलो होतो, कारण पिंपरीपासून चाकणपर्यंत एकही फिटर असा नसेल ज्याला हे माहीत नाही. चार तासांचं काम असलं की साहेबांना 'शिफ्ट जाईल' असं सांगायचं, ही आमची बाळगुटी. जॉर्डी मात्र खरा वेळ सांगणारा. शेवटी त्याचा तोल जातो आणि तो म्हाताऱ्याला बाजूला व्हायला सांगतो. स्कॉटी दुखावून एकदोन वाक्यं सुनावतो आणि निघून जातो.

तेव्हा मी अठ्ठावीस-तीसचा होतो, आणि पूर्णपणे जॉर्डीच्या बाजूचा. आमच्याही खात्यात असे एक निवृत्त काका अधूनमधून यायचे. चहा घ्यायचे, कुठल्या तरी पॅनेलचं दार उघडून बघायचे, 'आमच्या वेळी' अशी सुरुवात करायचे. ब्रेकडाउन चालू असताना ते आले की मी बाथरूमला जायचो. स्कॉटीला पाहून मला ते काका आठवले आणि जॉर्डीने जे केलं ते मला कधी जमलं नाही याचं वाईट वाटलं.

हे वाईट वाटणं आता माझ्याकडे दुसऱ्या टोकाकडून येतं. त्याकडे वळतोच.

इंजिनघरातल्या त्या प्रसंगात दोन नट समोरासमोर आहेत आणि दोघांकडेही नटाचं एकेक हत्यार नाही. जॉर्डी आंधळा, त्याच्या डोळ्यांवर सोनेरी जाळीची पट्टी. लेव्हार बर्टन हा नट १९७७ च्या 'रूट्स'मधल्या कुंटा किंटेमुळे अमेरिकेत घराघरांत पोचलेला. त्याचे डोळे मालिकेने सात वर्षं झाकून ठेवले. चिडणं, ओशाळणं, कंटाळणं हे सगळं त्याला जबडा आणि मान यांवर भागवावं लागतं. ते तो भागवतो. आणि डूहानला उजव्या हाताचं मधलं बोट नाही. ६ जून १९४४ ला तो कॅनडाच्या तोफखान्यात होता, नॉर्मंडीच्या जूनो किनाऱ्यावर उतरला, आणि त्या रात्री आपल्याच एका धास्तावलेल्या पहारेकऱ्याने ब्रेन गनमधून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. सहा लागल्या: चार पायात, एक बोटात, एक छातीवर. छातीवरची सिगारेटच्या चांदीच्या डबीने अडवली. पुढे आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर तो हात खिशात, पाठीमागे, कशाच्या तरी आड. ट्रिबल नावाच्या केसाळ गोळ्यांचा जो प्रसिद्ध भाग आहे, त्यात हातात ढीगभर ट्रिबल असल्यामुळे ते लपवणं जरा फसलं आहे, एवढंच. सगळं जहाज दुरुस्त करणारा माणूस, आणि हात दाखवायचा नाही. अप्पांना हे सांगायला हवं होतं. त्यांच्याही डाव्या करंगळीचं एक पेर प्रेसमध्ये गेलेलं. सायकलच्या पान्याला मात्र ते कधी अडलं नाही.

भांडणानंतर स्कॉटी जहाजावरच्या बारमध्ये जातो. तिथे खोटी दारू मिळते, चढत नाही अशी. त्याचा चेहरा पाहून यंत्रमानव डेटा गल्ल्यामागे जातो, एक बाटली काढतो, हुंगतो, आणि हे काय आहे ते त्याला सांगता येत नाही म्हणून नुसता तिचा रंग सांगतो. हिरवी आहे म्हणतो. हा जुन्या मालिकेचा धागा. १९६८ च्या एका भागात स्कॉटीने एका परग्रहवासीयाला पाजून पाजून आडवा केला होता, आणि ही कुठली म्हणून विचारल्यावर लेबल वाचण्याच्या पलीकडे गेलेल्या स्कॉटीने हेच उत्तर दिलं होतं. अमेरिकेतले प्रेक्षक इथे खूश झाले असणार. मला गंमत वेगळी वाटली. तो मूळ प्रसंग आम्ही पाहिला तेव्हा ती बाटली राखाडी होती. स्कॉटी हिरवी म्हणाला, आम्ही विश्वास ठेवला.

ती बाटली घेऊन तो होलोडेकच्या दाराशी जातो. मागाल ते ठिकाण उभं करणारी ती खोली. तो एंटरप्राइजचा ब्रिज मागतो, म्हणजे जिथून जहाज चालतं ती जागा. संगणक विचारतो, कुठली एंटरप्राइज? या नावाची पाच जहाजं होऊन गेली. स्कॉटी वैतागून नंबर सांगतो: एनसीसी-१७०१, पुढे ए नको, बी नको, सी नको, डी नको. (आम्हा पॉलिटेक्निकवाल्यांना एनसीसी म्हटलं की खाकी आणि रविवारच्या परेडनंतरचा नाश्ता आठवायचा. त्यामुळे ते जहाज आम्हाला सुरुवातीपासून घरचं.) दार उघडतं. आत जुना ब्रिज. यंत्रांची तीच पिपाणी. माणूस एकही नाही.

आणि कठडे लाल होते.

मी ते पहिल्यांदा पाहत होतो. खुर्चीमागचा तो गोल कठडा, लिफ्टचं दार, भडक लाल. बटणं पिवळी, निळी, चॉकलेटच्या गोळ्यांसारखी. पडद्यावरचा म्हातारा आपल्या तरुणपणात परत आला होता. माझ्या तरुणपणात हे नव्हतंच. जिथे मी शंभरदा गेलोय असं मला वाटत होतं, त्या जागेचा मला रंगसुद्धा माहीत नव्हता. स्मरणरंजन या शब्दातल्या रंजनाच्या मुळाशी रंगवणं आहे असं संस्कृतचे जाणकार सांगतील. माझ्या बाबतीत ते शब्दशः झालं, हप्ते न फिटलेल्या टीव्हीवर, रात्री साडेअकराला.

पुढे कळलं की तो अख्खा ब्रिज नव्हताच. जुना सेट केव्हाच मोडीत गेलेला, नवा बांधायला पैसे नाहीत. मग एक तुकडा उभा केला, कॅप्टनची खुर्ची आणि समोरचा चालकांचा ओटा एका चाहत्याने हौसेने बनवलेला होता तो आणला, आणि रुंद दृश्यासाठी जुन्या मालिकेत एकदा ब्रिज ओसाड पडलेला दाखवला होता ती फिल्म शोधून मागे जोडली. म्हणजे पाठीमागे दिसतो तो खरोखरच १९६७ मधला रिकामा ब्रिज. दिग्दर्शक अलेक्झांडर सिंगर, लेखक रोनाल्ड मूर. मूर १९६४ चा, माझ्याहून वर्षभराने मोठा. त्यानेही मूळ मालिका पहिल्या फेरीत पाहिलेली नाही, पुनःप्रक्षेपणांवर वाढलेला तो. पाव सेट, चाहत्याची खुर्ची, जुनी फिल्म आणि गच्चीवरच्या अँटेनाच्या पिढीतला लेखक. यातून ते उभं राहिलं. पुन्हा जुगाडच.

पिकार्ड तिथे येतो. दोघे पितात. पिकार्ड आपल्या पहिल्या जहाजाची, स्टारगेझरची आठवण काढतो. ते जहाज तसं काही फार चांगलं नव्हतं, पण तरी. पहिल्या प्रेमाचा विषय निघतो. मला या प्रसंगात सर्वांत आवडतं ते याचं आवरतं घेणं. स्कॉटी स्वतःच संगणकाला सांगतो, बंद कर. ब्रिज विझतो आणि काळ्या भिंतींवरच्या पिवळ्या रेघा उरतात.

दुसऱ्या पिढीच्या मालिकेत जुने नट याआधीही पाहुणे म्हणून येऊन गेले होते, पण बेतानेच. सुरुवातीला निर्मात्यांचा कटाक्ष असा की नव्याने स्वतःच्या पायावर उभं राहावं. जुनी नावं घ्यायलाही लेखकांना भांडावं लागे. १९८७ च्या पहिल्याच भागात डीफॉरेस्ट केली म्हाताऱ्या मॅकॉयच्या रूपात, १३७ वर्षांचा होऊन, दोन मिनिटं येतो आणि नव्या जहाजाला आशीर्वाद देऊन जातो. श्रेयनामावलीत त्याला नाव नाही, नुसता 'ॲडमिरल'. १९९० मध्ये मार्क लेनार्ड स्पॉकच्या बापाच्या भूमिकेत आला. मन ताब्यात ठेवण्यात हयात गेलेल्या त्या राजदूताचं मन म्हातारपणाच्या आजाराने सुटत चाललंय, असा तो भाग, आणि फार चांगला. १९९१ मध्ये लिओनार्ड निमॉय दोन भागांत आला, पण तिथे राजकारण इतकं की स्पॉकला बसायला सवड नाही.

डूहानला मिळालं ते यांपैकी कुणालाच मिळालं नाही. त्याला अडचण होण्याची भूमिका मिळाली.

आपल्याकडे ज्येष्ठ कलावंताला पाहुणा म्हणून बोलावतात तेव्हा त्याचं काय करतात ते आपण जाणतो. तो येण्याआधी संगीत वाजतं. बाकीची पात्रं पाया पडतात. तो दोन वाक्यं बोलतो, दोन्ही उपदेशाची, आणि जातो. शाल-श्रीफळच ते, फक्त कथानकात बसवलेलं. आदर पुष्कळ, काम काही नाही. 'रेलिक्स'मध्ये ७२ वर्षांच्या नटाला आधी चांगलं नकोसं होऊ दिलंय, प्रेक्षकालाही. डूहान ते लोकांची सहानुभूती मागत करत नाही. तो खरंच कटकट करतो. आणि मग त्याला जे मिळतं ते हार नाही, काम. पिकार्ड जॉर्डीला विनंती करतो, हुकूम नव्हे, की त्या मोडक्या जेनोलनवर याला घेऊन जा, नोंदी काढायच्या आहेत, माणसाला आपला उपयोग आहे असं वाटू दे. तिकडे एंटरप्राइज त्या गोळ्याच्या आत ओढली जाते आणि हे दोघे अडगळीतलं जहाज चालू करायला बसतात.

तो गोळा म्हणजे डायसन गोल. फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात कल्पना मांडली होती की एखाद्या फार पुढारलेल्या संस्कृतीने आपल्या ताऱ्याची सगळी ऊर्जा वापरायची म्हणून त्याच्याभोवती वेढा घातला, तर बाहेर नुसती उष्णता झिरपेल, आणि ती अवरक्त किरणांत शोधता येईल. त्याच्या मनात सुट्या वस्तूंचा घोळका होता, मालिकेने सरळ भिंत बांधली, २० कोटी किलोमीटर व्यासाची. एवढा पसारा उभा करायचा आणि त्याकडे पाठ फिरवून कॅमेरा दोन फिटरांवर ठेवायचा, यात मूरची हुशारी आहे. जेनोलनमध्ये एका टाकीचा दाब वाढवायचा असतो. जॉर्डी म्हणतो, नियमानुसार ती एवढा दाब सोसणार नाही. स्कॉटी म्हणतो, सोड, तो नियम मीच लिहिलाय. इंजिनिअरने कागदावर थोडं राखून लिहायचं असतं. आपल्या नियमात कितीची हवा ठेवलीय हे ज्याला माहीत, तो अजून कामाचा आहे. आम्ही फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकलो तो पुस्तकातून. पण मास्तरांनी त्यात माणूस कुठे असतो ते सांगितलं नव्हतं. शेवटी ते मोडकं जहाज मिटत्या दारात पाचरीसारखं अडकवून हे दोघे एंटरप्राइजला बाहेर काढतात. दारात चप्पल घालावी तसं.

मागच्या वर्षी आमच्या कारखान्याच्या वर्धापनदिनाला मला बोलावलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. शाल मिळाली, नारळ मिळाला. जेवणाला अवकाश होता म्हणून मी कंप्रेसर हाउसकडे वळलो. माझ्या वेळचे पिस्टनवाले धूड गेलेले, त्या जागी स्क्रू कंप्रेसर, पेटीत बंद, आवाज फ्रिजएवढा. एक मुलगा हातात टॅब घेऊन उभा. चांगला होता, 'सर' म्हणाला. शेजारचा पाण्याचा पंप मात्र जुनाच. बाकावर स्क्रू ड्रायव्हर पडला होता. मी सवयीने तो उचलला, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मुलगा दोन पावलं पुढे आला. "सर, ते आता आपण ऑनलाइन बघतो. सेन्सर लावलाय." आवाजात तोच आवळलेला जबडा. मी ओळखला. मी तो तीस वर्षांपूर्वी स्वतः वापरलेला आहे.

त्याने टॅबवर कंपनांचा आलेख दाखवला. सरळ रेघ, किरकोळ दाते. मी कानाने ऐकलं तेही तेच: काहीही झालेलं नाही. माझ्यासाठी कुणी जहाज बुडत ठेवलं नव्हतं. मी स्क्रू ड्रायव्हर ठेवू लागलो तर तो म्हणाला, "बघू, मी ऐकतो." बराच वेळ कान लावून उभा राहिला. "सर, एकसारखाच आवाज येतोय."

"एकसारखाच असला म्हणजे झालं," मी म्हणालो, आणि आम्ही जेवायला गेलो.

घरी येऊन तो भाग पुन्हा लावला. मुलगी शेजारी बसली होती. ब्रिज उघडल्यावर म्हणाली, "बाबा, पुठ्ठ्याचा वाटतो." बरोबर आहे तिचं. या खेपेला मी सगळा वेळ जॉर्डीकडे पाहत होतो. तो चिडतो ते म्हाताऱ्यावर नाही, घड्याळावर. आणि शेवटी ऐकून घेतो तेव्हा आधी हसतो मान खाली घालून. शेवटी ते सगळे मिळून स्कॉटीला एक छोटी शटल देतात. कायमची नाही, उसनवार; मुदत न लिहिलेली. तिचं नाव गॉडार्ड, द्रवइंधनाचं पहिलं रॉकेट उडवणाऱ्यावरून.

डूहानला स्कॉटीने जेवढं दिलं तेवढंच अडवलं. मालिका संपल्यावर कुणी दुसरं काम देईना. दिग्दर्शकांना तो दारात दिसला की इथे स्कॉटिश कुणी नको, असं वाटायचं. त्याच्या दंतवैद्याने त्याला सांगितलं की मेल्यानंतरही तू स्कॉटीच राहणार आहेस, तेव्हा प्रवाहाबरोबर जा. हे तोच सांगत असे. मग तो गेला. गावोगाव चाहत्यांच्या मेळाव्यांना, कॉलेजांना. मिलवॉकीच्या एका अभियांत्रिकी संस्थेने त्याला मानद पदवी दिली, कारण तिथली कितीतरी मुलं स्कॉटीला पाहून या वाटेला आली होती. २००४ मध्ये त्याच्या निरोपाच्या मेळाव्यात नील आर्मस्ट्राँग येऊन बोलला. पुढच्याच वर्षी, २० जुलै २००५ ला, म्हणजे चंद्रावर माणूस उतरला त्याच तारखेला, डूहान गेला.

त्याच्या रक्षेतली चिमूटभर अवकाशात पाठवायचं ठरलं होतं. ऑगस्ट २००८ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन-१ या रॉकेटाच्या तिसऱ्या उड्डाणात ती होती. ते रॉकेट पॅसिफिकमध्ये पडलं. कारण वाचलं तेव्हा मी जागचा उठून पाणी पिऊन आलो. इंजिन नवं होतं. ते बंद केल्यावरही त्यात थोडा जोर उरला, क्षणभरच. पण तेवढ्यात खालचा टप्पा सुटा झाला आणि मागून येऊन वरच्यावर आदळला. दुरुस्ती काय केली? इंजिन थांबणं आणि टप्पा सोडणं यांच्यामधला वेळ वाढवला. बाकी काही नाही. २८ सप्टेंबरला पुढचं रॉकेट कक्षेत गेलं. डूहानची उरलेली चिमूट मे २०१२ मध्ये फाल्कन-९ बरोबर गेली आणि काही आठवडे पृथ्वीभोवती फिरली.

आमच्या जुन्या कंप्रेसरला चांगलं पुरुषभर चाक होतं. लाल बटण दाबलं की मोटर लगेच गप्प व्हायची, चाक मात्र आपल्या तालात फिरत राहायचं, मिनिट-दीड मिनिट. नोकरीला लागलो त्या आठवड्यात अप्पांनी मला एकच गोष्ट बजावली होती: आवाज बंद झाला म्हणून पट्ट्याला हात घालू नकोस. चाक थांबेपर्यंत उभा राहा.